हेड न उघडताच हेड गॅस्केटचे ३८,४०० रुपये घेतले

रेडिएटरचा पंखा चालू करणाऱ्या रिलेचे (छोट्या विजेच्या स्विचचे) २८० रुपये आणि मजुरी २००. एवढ्यात मिटणाऱ्या कामासाठी मी ३८,४०० रुपये मोजले. घरी हा आकडा सांगायलाही लाज वाटत होती. तरी लिहितोय, कारण गाडी गरम झाली की माणूस घाबरतो आणि घाबरलेल्या माणसाला "हेड गॅस्केट गेलंय" हे तीन शब्द पुरतात. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्याखालची सील; ती गेली की इंजिन गार ठेवणारं कूलंट ऑइलमध्ये मिसळू शकतं.

खंबाटकी घाटात ट्रकांच्या रांगेत अडकलो आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, तासभर थांबलो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं नाही. उघडूही नका, आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं आणि ते तोंडावर येतं. गार झाल्यावर पाहिलं तर कूलंट जरासंच कमी. पाणी घातलं, हळूहळू घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गॅरेजात गेलो. दोन वर्षं ओळखीचा माणूस. माझ्या मेहुण्याची गाडीही मीच त्याच्याकडे पाठवलेली.

त्यानं बॉनेट उघडलं, ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि आतून बोट फिरवून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. बोटावर पांढरट, सायीसारखा थर. "बघा साहेब, ऑइलमध्ये पाणी गेलंय. हेड उतरवावंच लागणार."

इथेच मी जागं व्हायला हवं होतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल तपासायची पट्टी, त्याच्या शेजारीच होती. मी स्वतः ती ओढून पाहिली. ऑइल स्वच्छ, तपकिरी, कुठे दुधाळपणा नाही. पावसाळ्यात गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालली की आतली वाफ झाकणाला धरते आणि असा थर येतो, हे मला आज माहीत आहे. पण डिपस्टिक हातात धरून मी गप्प बसलो. त्याला कळतं, आपल्याला काय कळतं, असं वाटलं.

त्याहून जास्त जळतं ते वेगळंच. मी त्याला माझ्या तोंडानं सांगितलं होतं की मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, गर्दीत उभं राहिलं की चढतो. आणि त्याआधी आठवडाभर सिग्नलला थांबलं की मागे बसलेली आई विचारायची, "एसी बंद केलास का रे?" एसी चालूच असायचा, फक्त गार हवा यायची थांबायची. गाडी पळताना वारा रेडिएटरमधून जातो, उभी असताना ते काम पंख्याला करावं लागतं, आणि तोच पंखा एसीच्या कंडेन्सरलाही गार करतो. दोन्ही खुणा एकाच जागेकडे बोट दाखवत होत्या. एसी लावून पंखा फिरतो का, एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं. त्यानं बघितलं नाही. मला तर वाटतं, बघितलं आणि गप्प राहिला.

चार दिवस गाडी ठेवून घेतली. गॅस्केट किट ६,२००, हेड फेसिंग ३,५००, वॉटर पंप ४,८००, थर्मोस्टॅट १,९००, कूलंट-ऑइल ४,६००, मजुरी १७,४००. सगळं एका चिठ्ठीवर, पेनानं. २०,००० यूपीआयनं दिले, १८,४०० रोख. "बिल केलं तर जीएसटी लागेल" म्हणाला आणि मी मान डोलावली. जुने पार्ट मागितले नाहीत. तुम्ही मागा. काम सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवा की जुनं गॅस्केट आणि जुना पंप डिकीत ठेवा.

अकरा दिवस गाडी ठीक चालली, कारण मी सकाळी मोकळ्या रस्त्यानं जात होतो. बाराव्या दिवशी संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये काटा पुन्हा लाल.

दुसऱ्या मेकॅनिकनं आधी एसी लावला. पंखा गप्प. रिले काढून नवा बसवला, पंखा फिरला. मग टॉर्च धरून मला आत दाखवलं. व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टांवर कित्येक वर्षांची तेलकट धूळ जशीच्या तशी, एकाही बोल्टवर पान्याची खूण नाही. माझ्या इंजिनात ते कव्हर काढल्याशिवाय हेडच्या बोल्टपर्यंत पाना पोहोचतच नाही. पंपही जुनाच, गंजलेला. मी फोटो काढून ठेवले. हेड गॅस्केटची खरी शंका असेल तर त्याची तपासणी असते: कूलंटवरच्या हवेत निळं रसायन धरतात, सिलिंडरमधला वायू त्यात येत असेल तर रंग पिवळा होतो. ती करून दाखवल्याशिवाय हेडला हात लावू देऊ नका.

पहिल्या गॅरेजवाल्यानं उभंही केलं नाही. चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." मी म्हटलं, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही का? "पक्कं बिल आणा." बिल न देणं हीच माझी तक्रार, आणि तक्रारीसाठी बिल हवं! तीन चकरा, प्रत्येक वेळी वेगळा अंमलदार, प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट. एकानं तर सगळ्यांसमोर विचारलं, "शिकलेले दिसता, मग रोख कशाला दिले?" तो प्रश्न बरोबर आहे, पण तो मला विचारायचा आणि त्या माणसाला साधा फोनही करायचा नाही?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवा देऊन बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लागतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. तक्रार मी दाखल केली आहे. यूपीआयची नोंद आणि ती चिठ्ठी जोडली, म्हणून चिठ्ठीसुद्धा फेकू नका. कायदा निकालासाठी तीन महिने सांगतो, तपासणी लागली तर पाच. माझ्या दोन तारखा नुसत्या पुढे ढकलण्यात गेल्या. आता आयोगानं तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय मागितला आहे, आणि दुसरा मेकॅनिक म्हणतो, "धंद्यातल्या माणसाविरुद्ध सही करणार नाही." बोल्टांचे फोटो बघून लेखी मत देईल असा ऑटोमोबाइल इंजिनिअर कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा, पुढच्या तारखेआधी हवा आहे.