रोझमेरी: बी पेरावं की फांदी लावावी?

तुळशीची मंजिरी चुरगाळून कुंडीत टाकली की पावसाळ्यात रोपंच रोपं होतात. रोझमेरीचं, म्हणजे स्वयंपाकात वापरायच्या सुवासिक पानांच्या या झुडपाचं, तसं नाही. बी उगवायलाच दोन-तीन आठवडे, कधी महिनाही लागतो, आणि पेरलेल्यातलं बरंचसं उगवतच नाही. जे उगवतं ते इतकं हळू वाढतं की स्वयंपाकासाठी पानं तोडायला वर्षभर तरी धीर धरावा लागतो. शिवाय रोप मूळ झाडाच्याच वासाचं निघेल याची खात्री नसते.

फांदीचं काम सोपं. ओळखीत कुणाकडे झाड असेल तर 10 सेंटीमीटरचा कोवळा शेंडा मागून आणा. खालच्या निम्म्या भागाची पानं ओरबाडा. बोटांना चिकट तेल लागतं, कापरासारखा वास येतो. अर्धी जाड वाळू, अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कुंडीत भरून त्यात शेंडा खोचा, आणि उजेड असलेली पण उन्हाच्या झळा न लागणारी जागा द्या. चार-सहा आठवड्यांनी शेंडा हलकेच ओढून बघा. सहज वर आला नाही, तर मुळं धरलीत. मी फांदीच लावते, तीही थंडीच्या सुरुवातीला.

पुढची काळजी दोन्हींची एकच. हे भूमध्य समुद्राकाठचं, कोरड्या उतारांवरचं झाड. आपल्याकडच्या पावसाळ्यात मुळं कुजून जातं. जून लागला की कुंडी पत्र्याखाली, पण उजेडात ठेवा. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको.

आणि ओरबाडलेली पानं टाकू नका हं. तेलात लसणाबरोबर परता आणि त्यातच उकडलेल्या बटाट्याच्या फोडी खरपूस करा.