दोब्रोग की दोब्रोगा? सर्बियन शिकणाऱ्यासाठी

‘प्रेमाने’ लिहावं की ‘प्रेमानं’, हा प्रश्न आपल्याला रोजचा. सर्बियन शिकायला घेतली की असाच पेच दोन ठिकाणी पडतो. एकीकडे आखूड रूप धरावं, दुसरीकडे लांब, असं माझं ठाम मत आहे.

पहिला पेच विशेषणांचा. ‘चांगल्या माणसाचा’ म्हणताना विशेषण ‘दोब्रोग’ होतं किंवा ‘दोब्रोगा’. अर्थ तोच. सर्बियात बोलताना आखूड रूपच सर्रास चालतं. नोवी साद शहरातून आलो हे सांगताना लोक ‘इझ नोवोग सादा’ म्हणतात. लांब रूपाला ग्रंथांचा वास आहे. मातित्सा सृप्स्का या संस्थेच्या २०१० च्या शुद्धलेखनग्रंथाच्या नावात ‘सृप्स्कोगा येझिका’ (सर्बियन भाषेचा) असं आहे. दोन विशेषणं लागोपाठ आली की पहिलं लांब आणि दुसरं आखूड, ही लिहिणाऱ्यांची आवडती चाल. १९६७ ते १९७६ या काळात निघालेल्या सहा खंडी कोशाचं नाव बघा: ‘सृप्स्कोहृवात्स्कोगा क्न्यिझेव्नोग येझिका’ (सर्बो-क्रोएशियन साहित्यिक भाषेचा). बेलग्रेडच्या अकादमीचा कोश १९५९ पासून निघतो आहे. त्याच्या नावात मात्र सगळी रूपं आखूड. म्हणजे विद्वानांतही एकमत नाही, तेव्हा नवशिक्याने बिनधास्त ‘दोब्रोग’ म्हणावं. विशेषणापुढे नामच नसेल, तर ‘ओ दोब्रोमे’ (चांगल्याविषयी) असं लांब रूप छान भरीव वाटतं, एवढं ध्यानात ठेवावं.

दुसरा पेच जास्त महत्त्वाचा. ‘ल्युबाव’ म्हणजे प्रेम, हे व्यंजनान्त स्त्रीलिंगी नाम. त्याची तृतीया ‘ल्युबाव्ल्यु’ किंवा ‘ल्युबावी’. पण ‘ल्युबावी’ हेच रूप षष्ठीलाही, चतुर्थीलाही, अनेकवचनालाही. नुसतं आलं तर विभक्ती कळणार कशी? म्हणून पत्राखाली ‘स ल्युबाव्ल्यु’ लिहितात. आधी विशेषण असेल, जसं ‘स वेलिकोम ल्युबावी’ (मोठ्या प्रेमाने), तर विभक्ती तेच सांगतं आणि आखूड रूप निभावतं.

‘ल्युबाव्ल्यु’ जिभेला जड जातं खरं, पण ही सवय सुरुवातीलाच लावून घ्या. याच प्रत्ययाची काही रूपं आता स्वतंत्र शब्द झाली आहेत: ‘नोचु’ म्हणजे रात्री, ‘पोमोचु’ म्हणजे ‘च्या साहाय्याने’. तिथे ‘नोची’, ‘पोमोची’ घालून चालत नाही.