जुनं अल्निको की नवं निओडिमियम? हॉर्नचे स्पीकर बांधण्याआधी

झाडीपट्टीची नाटकं ऐकत कान घडले, त्याला हॉर्नचं वेड लागलं तर नवल नाही. मात्र मंडपातल्या भोंग्याचं युनिट (हॉर्नच्या मागे बसणारा, आवाज तयार करणारा भाग, म्हणजेच कॉम्प्रेशन युनिट) घरच्या स्पीकरला बसवू नका. ते माणसाच्या आवाजापुरतंच असतं. गाण्यासाठी दोन वाटा आहेत. एक जुनी अमेरिकन युनिटं: अल्टेकचं ८०२ किंवा १९५४ सालचं जेबीएलचं ३७५, अल्निको (जुन्या धर्तीच्या मिश्रधातूचा) चुंबक, ॲल्युमिनियमचा डायफ्राम, म्हणजे आवाज काढणारा थरथरता पातळ पडदा. दुसरी आजची, इटलीच्या बी अँड सी किंवा फेटलची, फेराइट नाहीतर निओडिमियम चुंबकाची.

३७५ चा निकाल खोलीच लावते. गळा, म्हणजे आवाज हॉर्नमध्ये शिरतो ते तोंड, २ इंची, डायफ्राम ४ इंची, म्हणजे हॉर्न मोठा. त्याच्या जवळ बसलं की हॉर्न वेगळा वाजतो आणि खालचे सूर वाजवणारा वूफर वेगळा. १२ बाय १४ च्या खोलीत हे कोडं सुटत नाही. वाड्याची लांब ओसरी असेल तर गोष्ट निराळी.

उरलं ८०२ आणि नवं १ इंची गळ्याचं युनिट. ८०२ वर गाणाऱ्याचा गळा समोर उभा राहतो, हे कबूल. पण टाळ-झांजेच्या अगदी वरच्या झणकाराला ते थकतं. नवं तिथे सहज पोचतं.

तरी माझं मत नव्याकडे झुकतं ते डायफ्राममुळे. मी घेतलेल्या जुन्या जोडीत एकाचा डायफ्राम कधीतरी बदललेला निघाला. त्यामुळे दोन बाजूंचा आवाज सारखा येईना, गायक कायम डावीकडे सरकलेला, आणि मी तीन महिने भिंतींना दोष देत होतो! जुनी जोडी घ्यायचीच तर दोन्ही युनिटं एकाच हॉर्नवर, एकाच बाजूला, आळीपाळीने वाजवून बघा. अल्निको जोरदार धक्क्याने अशक्त होतो, हेही आहे. ते पुन्हा भारून देणारा आपल्या तालुक्यात कुठे मिळणार?

ओहमकडे, म्हणजे युनिटच्या विद्युत रोधाकडे, लक्ष असू द्या. जुनी युनिटं बरेचदा १६ ओहमची. ८ ओहम धरून, ८०० हर्ट्झसाठी काढलेला एकटा कपॅसिटर त्यांना लावला, तर कटाई (ज्याच्या खालचे सूर युनिटकडे जाऊ द्यायचे नाहीत ती सीमा) थेट ४०० वर उतरते आणि खालच्या सुरांचा मार डायफ्राम खातो.

‘चंद्रपूरच्या ४७ अंशात निओडिमियम टिकेल का?’ असं हटकून विचारतात. साध्या निओडिमियमला साधारण ८० अंशांपुढे धोका असतो. कॉम्प्रेशन युनिट हॉर्नवर १ वॅटला १०५ ते ११० डेसिबल देतं, त्यामुळे घरी ते तापतच नाही. लग्नात रात्रभर ठोकणाऱ्याने काळजी करावी. इतक्या कमी वॅटात भागतं, म्हणून लाईन गेली की छोटा ॲम्प्लिफायर इन्व्हर्टरवर निवांत चालतो. वूफर मात्र ९५ च्या आसपासचा, म्हणून हॉर्नला एल-पॅड (आवाज कमी करणारं बटण) लावून खाली आणावं लागतं.

जुन्यावर जाणारे पैसे वाचले तर ते हॉर्नच्या लाकडात घाला. आमचा सुतार म्हणाला, “काहून जी, घरचं सागवान असताना प्लायच्या पाट्या कायले चिकटवता?” त्याच्या हट्टापायी एक हॉर्न अखंड सागवानाचा केला. वैशाखात लाकूड आवळलं, आषाढात फुगलं, आणि पोळ्यापर्यंत तोंडाचा सांधा नखभर उघडला. आता आतून बर्च प्लाय आणि सागवान फक्त दर्शनी भागाला, यावर आमची तडजोड झाली आहे.