तयार ऑपरेटर घ्यावा की आयटीआयचा मुलगा घडवावा?

भोसरी-चाकणकडे आठ-दहा सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या, मशिन्सचं शॉप असेल, तर नवं मशीन आलं की हा प्रश्न येतोच. मी दोन्ही करून पाहिलंय, आणि दोन्हींत हातही पोळलेत.

तयार माणूस पहिल्याच आठवड्यात जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, काढून देतो. पुढच्या महिन्यात डिलिव्हरी असेल, तर दुसरा विचार करूच नका. पण त्याच्या अनुभवाची वर्षं मोजून पगार ठरवू नका. मी एकदा बारा वर्षांच्या अनुभवाचा माणूस घेतला. बारा वर्षं त्याने एकाच मशीनवर जॉब लावला होता आणि काढला होता. सेटिंग, म्हणजे मशीनवर टूल आणि मापं जुळवणं, दुसराच कुणीतरी करून द्यायचा. चूक त्याची नव्हती, मी नीट विचारलंच नव्हतं. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यातही नुसती अनुभवाची वर्षं पुढच्या कामाचा अंदाज द्यायला फार कमी पडली. प्रत्यक्ष काम करून दाखवायची चाचणी कितीतरी पुढे होती.

आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट दोन वर्षं शिकून येतो. ड्रॉइंग वाचतो, मायक्रोमीटर (बारीक माप मोजायचं साधन) धरतो, पण तुमच्या मशीनच्या कंट्रोलरवर त्याचा हात बसलेला नसतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असतील तर २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. ४ ते २९ असतील तर घेणं ऐच्छिक आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं. यावरून मुलगा स्वस्तात पडतो असा हिशेब मांडला जातो, आणि तिथेच फसगत होते. तुटलेले इन्सर्ट (टूलची कापणारी, बदलता येणारी टोकं), रिजेक्ट झालेले जॉब आणि सगळ्यात महाग म्हणजे शिकवणाऱ्याचा वेळ, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. रोज तासभर न चिडता शिकवणारा सेटर शिफ्टमध्ये नसेल, तर मुलगा घेऊ नका. तो वर्षभर जॉब पुसत राहील, आणि त्याचं ते वर्ष वाया घालवायचा आपल्याला हक्क नाही.

शिकवणारा असेल, तर मात्र मी मुलाकडेच झुकेन. आमच्याकडे आज सेटिंग सांभाळणारे दोघे असेच घडलेले आहेत. शिकून झाला की निघून जाईल ही भीती खरी आहे. करारात वेगळी अट नसेल तर मुदत संपल्यावर ना तुम्ही बांधील, ना तो. पण तयार ऑपरेटरही दोन हजार जास्त मिळाले की शेजारच्या गाळ्यात जातोच. सहाव्या महिन्यात काय शिकेल, बाराव्यात पगार किती होईल, हे मुलाला पहिल्या दिवशी कागदावर दिलं की टिकण्याची शक्यता वाढते.

चाचणी मात्र दोघांना एकच द्या, मशीनजवळ. मायक्रोमीटर हातात द्या आणि बघा, आधी तो शून्य बरोबर दाखवतो का हे तपासतो का. मग विचारा: बाहेरचा व्यास २५.०० मिमी हवा, २५.०६ आलाय, काय करशील? ‘एक्समध्ये वजा ०.०६ ऑफसेट’, म्हणजे व्यास तेवढा कमी करायला मशीनला सांगणं, हे उत्तर बरोबर आहे. पण जो म्हणतो, ‘आधी पुन्हा मोजतो, इन्सर्टची धार बघतो,’ त्याला घ्या, मग तो बारा वर्षांच्या अनुभवाचा असो की कालचा पास झालेला. मुलाला ऑफसेट आला नाही तर एकदा समजावून सांगा आणि अर्ध्या तासाने आकडा बदलून परत विचारा. किती येतं यापेक्षा किती पटकन उचलतो, हे तिथे दिसतं.

यात अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचा रोज आणि बसभाडं द्या, नाही निवडलं त्यालाही.