लेआउटमधल्या सामूहिक भाजीबागेचं पॅकेज घेतलं, वर्षभराचा अनुभव (पाचपैकी तीन स्टार)

आधीच सांगून टाकतो, पैसे बुडाले असं नाही, पण यातलं अर्धं काम आम्हीच केलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं आणि स्वस्तातही पडलं असतं.

आमचं लेआउट नागपुरात, मनीषनगरच्या पुढे. सोसायटीची एक मोकळी जागा वर्षानुवर्षं पडून होती, गाजरगवत, बाटल्या आणि ज्याच्या घराचं बांधकाम चालू असेल त्याचा मलबा. मागच्या वर्षी मार्चमध्ये मीटिंग झाली, १४ घरं तयार झाली, घरामागे ३ हजार म्हणजे ४२ हजार जमले आणि ऑनलाइन बघून बाग लावून देणाऱ्या एका कंपनीला काम दिलं. नाव लिहीत नाही, त्यांची पोट्टी मेहनती आहेत, घोळ वरच्यांचा आहे. पॅकेजमध्ये १० वाफे, माती, टायमरवालं ड्रिप, रोपं-बियाणं आणि वर्षात ६ व्हिजिट.

चांगलं आधी. वाफे बरोब्बर बनवले, जमिनीपासून फूटभर उंच आणि ४ फूट रुंद, म्हणजे आत पाय न टाकता दोन्हीकडून मधापर्यंत हात पोचतो. उंचीला खरंच अर्थ आहे कारण आमच्याकडची काळी माती पावसात पाणी धरून बसते, मुळं सडतात, आणि मे महिन्यात तीच माती अशी फाटते की भेगेत चप्पल जाईल. ड्रिपही झकास. जूनमध्ये खारींनी नळ्या कुरतडल्या, त्यात कंपनीची चूक नाही, आता जॉइनरचं पाकीट घरीच ठेवतो आणि उन्हाळ्यात बाजूला मातीच्या ताटलीत पाणी, तेव्हापासून कुरतडणं बरंच कमी झालंय.

आता घोळ. काम केलं कधी तर एप्रिलमध्ये! ऊन ४३ च्या वर आणि हे लोक लेट्युस आणि चेरी टोमॅटोची रोपं घेऊन हजर, कारण फोटोत छान दिसतं. लेट्युस आठ दिवसांत उंच दांडे काढून कडूजहर झालं, टोमॅटोला फुलं यायची आणि गळायची, एवढ्या गरमीत फळ धरतच नाही हे आमच्या कामवाल्या मावशींना माहीत होतं, यांना नव्हतं. नागपुरात पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), टोमॅटो हे सगळं पावसाळा ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, पाऊस लागला की भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), दोडके, आणि फेब्रुवारीत ढेमसं, काकडी. कॅलेंडर मागितलं तर एक पीडीएफ आलं, ते बहुतेक बंगलोरसाठी केलेलं होतं.

दुसरं म्हणजे माती. अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धी लाल माती, आणि वरून "ऑर्गॅनिक खत" म्हणून जे टाकलं ते अर्धं कच्चं शेण. चांगलं कुजलेलं शेणखत हातात घेतलं तर भुसभुशीत लागतं, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. हे हातात घेतलं तर गरम होतं बाप्पा! महिन्याभरात वांग्याची रोपं उभ्या उभ्या माना टाकायला लागली, एक उपटून पाहिलं तर मुळं गायब आणि खाली करंगळीएवढी पांढरी, सी च्या आकारात वळलेली अळी. हुमणी. एका वाफ्यातून आम्ही ६१ मोजल्या, पोरांनी डब्यात भरून शाळेत न्यायचा बेत केला होता तो हाणून पाडला. अमरावती रोडवर आख्ख्या देशाची माती तपासणारी मृदा सर्वेक्षणाची संस्था बसलेली आणि आम्ही आपल्या वाफ्यात काय पडून राहिलं ते वाकून बघितलं नाही, यात चूक आमची पण आहे.

६ पैकी व्हिजिट ४ झाल्या. एका व्हिजिटला मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) मारायला बाटली आणली, लेबलवर नुसतं "१००% नॅचरल", आत काय आहे विचारलं तर "सर कंपनीचा फॉर्म्युला आहे". परत पाठवली. तेव्हापासून लिटरला ५ मिली नीमतेल, थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानाच्या खालून फवारतो. आणि मातीला द्यायचं जीवामृत घरीच करतो, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं, ते इकडचेच, अमरावती जिल्ह्यातले. २०० लिटर पाण्याच्या ड्रमात १० किलो ताजं शेण, तेवढंच गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती, सावलीत ठेवून रोज काठीने ढवळायचं. पहिल्या दिवशी समोरच्या काकूंनी खिडक्या लावून घेतल्या, आता त्याच बाटली घेऊन येतात.

पण बाग टिकली कशाने म्हणाल तर पॅकेजमधल्या कशानेच नाही. पहिले तीन महिने रोज भांडण, कोणीतरी पहाटे येऊन सगळा सांबार नेतं, पाणी बघायला मात्र तेच दोघंतिघं. मग कोपऱ्यातल्या घरच्या रिटायर्ड काकांनी गेटला कुलूप आणि वहीला दोरी बांधली. ज्याचा आठवडा त्याच्याकडे चावी, तोडणी फक्त रविवारी सकाळी, आणि आधी निवडायचा मान चावीवाल्याचा. बस. एका घराला हे पटलं नाही, ते बाहेर पडले, पैसे परत मागून राहिले आहेत अजून.

वाळका पाला जाळणं पण त्याच वहीत बंद केलं. आता तीन घमेली पाला, एक घमेलं घरचा ओला कचरा असं खड्ड्यात जातं, या वर्षी खत विकत आणलं नाही.

सध्या नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, चालू आहे, वाफे पाल्याने झाकलेले आणि हिरव्या नेटखाली एका कोपऱ्यात चिवळीची पालेभाजी तेवढी आहे. परवा कंपनीचा फोन आला, रिन्यूअल १८ हजार, "सर या वेळी ब्रोकोली देतो". म्हटलं ब्रोकोली राहू दे, ड्रिपचं काम करणारा तो पोरगा एक दिवस पाठवा, त्याचे काय होतील ते सांगा. अजून सांगितले नाहीत.