लॅम्डा ऋण घ्यावा की धन? प्रतिमान-विश्व निवडताना

रिकाम्या प्रतिमान-विश्वात एखादी लहर सोडावी आणि पुढे तिचे काय होते ते स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने पाहावे, असे ज्याच्या मनात आहे त्याला पहिल्याच दिवशी लॅम्डाचे चिन्ह ठरवावे लागते. लॅम्डा म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणातील विश्वस्थिरांक; तो धन असला तर प्रसरणाला चालना देतो, ऋण असला तर ते आवरतो. मी दोन्ही चिन्हे काही काळ वापरली आहेत. पुढचे विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे, त्यामुळे ते सर्वस्वी निःपक्षपाती असल्याचा दावा करता येणार नाही.

काळाची मोजणी सोपी व्हावी म्हणून प्रकाशाचा वेग 1 धरू. वक्रता-त्रिज्या, म्हणजे ३ ला लॅम्डाच्या केवलमूल्याने भागून काढलेले वर्गमूळ, हीसुद्धा १ धरू. सपाट अवकाश आणि धुळीसारखा, म्हणजे दाब नसलेला, पदार्थ घेतला, तर दोन्ही विश्वांच्या आकाराचे सूत्र जवळजवळ एकच असते. फरक इतकाच, की धन लॅम्डाच्या सूत्रात अतिपरवलयी साइन (sinh) येते आणि ऋण लॅम्डाच्या सूत्रात साधी साइन. पहिले विश्व अखंड फुगत राहते, तर दुसरे दोन-तृतीयांश पाय (π), म्हणजे सुमारे २.०९ एकक काळात जन्मून, फुगून, मिटून जाते. अवकाशाची वक्रता कोणतीही घेतली तरी ऋण लॅम्डाच्या विश्वाची ही परतफेड टळत नाही, कारण प्रसरणाबरोबर पदार्थाचे आणि वक्रतेचे पद क्षीण होत जाते, लॅम्डाचे पद मात्र होते तेवढेच राहते आणि अखेरीस तेच वरचढ ठरते. पदार्थ अजिबात नसेल तर हे आयुष्य पूर्ण पाय एवढे भरते, आणि तेथे दिसणारा शेवट हा खरा शेवट नसून निर्देशांकांचा दोष असतो. त्यापलीकडे अँटी-द सिटर अवकाशकाल, म्हणजे ऋण लॅम्डाचे पदार्थरहित विश्व, सुरळीत चालू असतो. माझे बहुतेक काम या रिकाम्या अवकाशकालातच झाले.

आता ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला त्याकडे वळतो. मी वस्तुमानरहित अदिश क्षेत्राची (प्रत्येक बिंदूला फक्त एक संख्या असलेल्या क्षेत्राची) गोलीय लहर घेऊन सुरुवात केली होती, आणि तीही धन लॅम्डाच्या रिकाम्या, म्हणजे द सिटर, अवकाशकालात, कारण आपले विश्व त्याच्या अधिक जवळचे आहे. लहर केंद्रापासून निघायची, क्षितिजाकडे (जिच्या पलीकडून काहीच परत येऊ शकत नाही त्या मर्यादेकडे) सरकत दिसेनाशी व्हायची, आणि केंद्राजवळचे क्षेत्र झपाट्याने एका स्थिर मूल्यावर येऊन शांत व्हायचे. आलेख इतका नेटका असे, की त्यावर संशय घेण्याचे काही कारणच दिसत नसे. प्रत्यक्षात गोलीय सममितीमुळे येणाऱ्या पदाचा सहगुणक २ हवा होता आणि मी १ लिहिला होता. तीन आठवडे हे माझ्या लक्षात आले नाही. जे काही चुकते ते क्षितिजापलीकडे निघून जाते, मागे उरते ती शांतता, आणि ती शांतता बरोबर उत्तरातही असतेच!

लॅम्डाचे चिन्ह बदलले तेव्हा ही चूक पहिल्याच फेरीत उघडी पडली. अँटी-द सिटर अवकाशकालात प्रकाश अनंतावरच्या सीमेपर्यंत जाऊन पाय एवढ्या काळात केंद्राशी परततो. सीमेवर क्षेत्र शून्य धरले, तर गोलीय लहरीच्या सगळ्या कंप्रता ३, ५, ७ अशा विषम पूर्णांकांत येतात. म्हणून पाय एवढ्या काळानंतर लहर बरोबर उलट्या चिन्हाने परत यायला हवी, आणि त्याच्या दुप्पट काळानंतर जशीच्या तशी. माझी लहर पहिल्याच परतीला सुलटी आली. सहगुणक १ ठेवल्यामुळे मी नकळत अवकाशाच्या तीनऐवजी दोन मिती घेतल्या होत्या, आणि तेथे कंप्रता २, ४, ६ अशा सम असतात. चूक आहे एवढेच नव्हे, तर कोणती चूक आहे हेही त्या चिन्हाने सांगितले.

या सोयीची किंमत मोजावी लागते, हे मान्य करायला हवे. सीमा काळाच्या दिशेने पसरलेली असल्याने नुसती आरंभीची स्थिती देऊन भागत नाही, सीमेवर काय घडते तेही सांगावे लागते, आणि ही अट निसर्ग देत नाही, आपण देतो. काहींना हा कृत्रिमपणा खटकतो आणि त्यांचे म्हणणे अवाजवी नाही. मला मात्र लपलेल्या गृहीतकापेक्षा स्वतःच्या हाताने लिहिलेले गृहीतक बरे वाटते. अवकाशकालही लहरीबरोबर बदलू दिला, तर गोष्ट आणखी अवघड होते. २०११ मध्ये बिझॉन आणि रोस्त्वोरोव्स्की यांनी संगणकीय गणनेतून दाखवले, की पुष्कळदा अगदी क्षीण लहरसुद्धा पुन्हा पुन्हा परतताना अधिकाधिक एकवटत जाते आणि अखेर कृष्णविवर घडते. द सिटर अवकाशकाल अशा लहान धक्क्यांपुढे स्थिर राहतो, हे फ्रीडरिश यांनी १९८६ मध्येच सिद्ध केले होते. स्थैर्य हाच निकष असेल तर धन लॅम्डा घ्यावा. कृष्णविवरांच्या उष्मागतिकीत रस असेल तर पारडे पुन्हा फिरते, कारण ऋण लॅम्डाच्या विश्वात मोठे कृष्णविवर स्वतःच्याच प्रारणाबरोबर स्थिर समतोलात राहू शकते, हे हॉकिंग आणि पेज यांनी १९८३ मध्ये दाखवले.

निरीक्षणांशी नाते जोडायचे असेल, तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दाखवणाऱ्या १९९८ च्या अतिनवताऱ्यांच्या (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांनंतर धन लॅम्डाला पर्याय उरत नाही असे बहुतेकांचे मत आहे. ऋण लॅम्डा प्रत्यक्ष विश्वासाठी कोणी वापरलाच नाही असे मात्र नव्हे. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांच्या १९९३ च्या अर्ध-स्थिर-स्थिती प्रतिमानात तो ऋणच होता.

हल्ली धन लॅम्डाचे काम करायचे असले तरी मी प्रोग्रॅम आधी ऋण चिन्हाने चालवतो. निर्देशांक नीट निवडले तर नंतर धन चिन्हाकडे वळण्यासाठी एका टॅन फलाच्या जागी अतिपरवलयी टॅन घालण्यापलीकडे फारसे काही बदलावे लागत नाही. पहिल्या परतीला लहर उलटी आली, की मग चिन्ह बदलतो.