लाइमचा चट्टा: लगेच गोळ्या की आधी टेस्ट?

इंग्लंडात जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं ट्रेनिंग घेणारी भाची लाइमबद्दल, म्हणजे गोचीड चावल्यानं होणाऱ्या जंतूंच्या आजाराबद्दल विचारत होती, मावशी, पेशंट न्यू फॉरेस्टला, त्या गोचिडींच्या जंगलात फिरून आलाय, मांडीवर लाल चट्टा रोज थोडा थोडा पसरतोय, टेस्ट पाठवू की डायरेक्ट डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक देऊ?

अगं, टेस्ट अँटीबॉडी शोधते आणि त्या तयार व्हायलाच काही आठवडे जातात, म्हणजे नव्या चट्ट्यात रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी लाइम नाही असं होत नाही, उलट पेशंट निर्धास्त घरी जातो हीच खरी भीती. असा पसरणारा चट्टा हाच पुरावा, नाइसची, म्हणजे तिकडे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, २०१८ ची गाइडलाइनही तेच सांगते, मोठ्या माणसाला २१ दिवस गोळ्या. खर्च, खटपट दोन्ही कमी. फक्त आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, चांगल्या उजेडात बघ, आणि गोचीड चावल्याचं आठवत नाही म्हणाला तरी सोडू नकोस.

चट्टा नाही पण गोचिडीच्या भागात जाऊन आलाय आणि सांधा सुजलाय, तर आधी टेस्टच, आधी एलायझा आणि मग खात्रीसाठी इम्युनोब्लॉट, दोन्ही रक्ताच्या अँटीबॉडी टेस्ट. चेहऱ्याची एक बाजू लुळी, हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडणं) किंवा मान आखडलेली असेल तर रिपोर्टची वाट न बघता स्पेशालिस्टला फोन कर.